देवाने मान वर करावी म्हणून

देव बहिरा नाही, कंटाळलेला आहे, असं आमच्या घरमालकांचं मत होतं. हे मत त्यांनी कुठल्या पोथीतून उचललेलं नव्हतं. एस.टी. स्टँडावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून, जन्मभराच्या नोकरीत कमावलेलं होतं. ते कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले आणि गावाने त्यांचं नाव तिथेच बंद केलं. कंट्रोलरांचं घर खंय, एवढं विचारलं की तारकर्लीच्या रस्त्यावरचा कोणीही माणूस आधी हसायचा आणि मग बोट दाखवायचा.

मी नांदगावची, म्हणजे हायवेवरची. समुद्र आमच्याकडे येतो तो बाजाराच्या दिवशी टोपलीतून. मालवणात सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर माझी नेमणूक झाली आणि खोली शोधत मी त्यांच्या पडवीत जाऊन उभी राहिले. भाडं, वीज, पाणी यातलं त्यांनी काहीच काढलं नाही. नोकरी खिडकीतली की टेबलावरची, एवढंच विचारलं. खिडकीतली म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि आत बघून त्यांनी बायकोला सांगितलं, "आपल्यातलीच हा गो. दी तिका खोली."

तेव्हापासून मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकी. जातीपातीचं मला ठाऊक होतं, पण खिडकीची म्हणून एक जात असते हे त्या दिवशी कळलं.

काकांचा सिद्धान्त असा. खिडकीत बसलेल्या माणसाला सकाळपासून एकच प्रश्न त्याच त्या शब्दांत येतो. कणकवली कधी? कणकवली गेली? कणकवली लागली? उत्तर द्यायला मान वर करावी लागत नाही. तोंड आपोआप बोलतं आणि डोकं दुसरीकडे असतं. माणूस समोर रडत उभा असला तरी कळत नाही. यात माज नाही, हा खिडकीचा धर्मच आहे. मग देवाचं काय होत असेल? सगळ्या गावांतून, सगळ्या देवळांतून तेच गाऱ्हाणं, तेच शब्द, तोच नारळ. देव उत्तर देतो, पण मान वर न करता. म्हणून एकाचं काम दुसऱ्याला लागतं आणि तिसऱ्याला पाऊस येतो.

पण एकदा असं झालं की एक गोरा माणूस पाठीवर बोचकं घेऊन त्यांच्या खिडकीशी आला आणि कुठल्यातरी भाषेत काहीतरी बोलला. इंग्रजी नव्हती. इंग्रजी काकांना कळायची. ही काही वेगळीच, घशातून येणारी. काकांनी मान वर केली. मग खुर्चीवरून उठले. मग खिडकी सोडून बाहेर आले, जे त्यांनी साहेब आल्यावरसुद्धा कधी केलं नव्हतं, आणि त्या माणसाचा हात धरून त्याला देवबागच्या गाडीत बसवून आले. शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगितलं, हेका शेवटाक उतरव. ही गोष्ट ते मला दर आठवड्याला सांगायचे आणि शेवटी विचारायचे, आता सांग, मी कित्या उठलंय? उत्तर मला ठाऊक असायचं, तरी मी सांगायचे नाही. मग तेच सांगायचे. न कळणाऱ्या भाषेत बोललं की खिडकीतला माणूस उठतो. देवाशी बोलायला देवाला न कळणारी भाषा पाहिजे.

आता या बोलण्यावर काय करावं? हसायचं तर ते घरमालक, आणि न हसावं तर पोटात दुखतं. मी स्पष्ट सांगितलं, काका, हे थोतांड आहे. ते म्हणाले, असू दे, पण गाडी चुकत नाय.

तर काकांनी देवाशी बोलायची स्वतःची भाषा केली होती. केली होती म्हणजे करत होते, कारण ती कधी पुरी होत नसे. तिचे नियम कडक. पहिला नियम, बाजारात चालणारा एकही शब्द तिच्यात नाही. ज्या तोंडाने बांगड्याचा भाव केला त्याच शब्दाने देवाला हाक मारायची नाही. दुसरा नियम, शब्द लिहायचा नाही. लिहिला की शिळा. तिसरा नियम सगळ्यांत जाचक. तो शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघाला की उष्टा झाला, फेकून द्यायचा.

शब्द करायला ते खाडीवर जायचे. ओहोटी लागली की सायकल काढायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाण्यात उभं राहून आवाज काढत बसायचं. भरतीत केलेला शब्द पाणचट होतो म्हणे. मनासारखा शब्द सापडला की तो तोंडात मुरत ठेवायचे, आणि मुरेपर्यंत दुसरं काही बोलायचे नाहीत, नाहीतर चव बिघडते. घरात सगळं खुणांनी. काकी म्हणायच्या, वर्षातून तेवढेच दिवस घर घरासारखं वाटतं. मी खोलीत आले त्याच आठवड्यात ते मुरवण्यात होते, आणि मला दोन दिवस वाटत होतं की घरमालकांना मुळात वाचाच नाही.

काकींनी त्या तिसऱ्या नियमाचं शस्त्र करून टाकलं होतं. काकांनी कुठे चिडचिड केली, सोलकढीला नाव ठेवलं, की त्या चुलीपुढूनच त्यांचा एखादा शब्द मोठ्याने म्हणायच्या. पहाटे भिंतीआडून ऐकून ऐकून त्यांना बरेच पाठ होते. विहिरीचा शब्द "गुळंबरो" असा होता. एका दुपारी वालीच्या भाजीवरून बोलाचाली झाली आणि काकी तीनदा गुळंबरो म्हणाल्या. काका जेवण टाकून उठले. बिचारी विहीर त्यानंतर बरेच दिवस देवदरबारी नावाशिवाय होती.

माझ्याकडूनही एकदा पावसाचा शब्द गेला. वाळत घातलेले कपडे काढताना मी सहज म्हणाले, काका, शेल्मी इली. त्यांच्या हातातली सुपारी खाली पडली. पुढचे आठ दिवस पाऊस थांबला नाही आणि त्याचा सगळा दोष माझ्यावर आला.

त्या भाषेत "दे" हा शब्द नव्हता. "माझं" पण नव्हता. मी म्हटलं, मग मागता कसे? ते म्हणाले, प्रवासी कधी गाडी मागतो काय? तो कुठे जायचं ते सांगतो. बाकी खिडकीवाल्याचं काम. देवाला फक्त आहे ते सांगायचं. फणस आहे. फणसाला फळ नाही. बस. आता उठायचं की नाही ते त्याने बघावं. मला ही रीत मनातून आवडली होती, पण तसं मी त्यांना कधी म्हटलं नाही, नाहीतर त्यांनी मला पण खाडीत उभं केलं असतं.

रोज सकाळी उजाडता उजाडता ते परसात उभे राहून ही बडबड करायचे. धाकट्याकडे उतरलेले पर्यटक मोबाइल काढून चित्रीकरण करायला यायचे. कोणीतरी साधुबाबा असावा अशा भक्तिभावाने. काका मग डोळे न उघडता स्टँडवरच्या शुद्ध मराठीत सांगायचे, पर्यटकांनी कृपया पुढे सरकावे. आणि पर्यटक सरकायचे.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. एकाच घराचे दोन भाग. मोठ्याचा भाग जुन्या कौलांचा आणि धाकट्याचा रंगीत, होम स्टेची पाटी लावलेला. मधे परसात चिऱ्यांची एक ओळ. भिंत नव्हे, नुसती गुडघ्याएवढी ओळ, मांजरसुद्धा उडी न मारता ओलांडायचं. पण दोघे भाऊ कित्येक वर्षांत ती ओलांडून बोलले नव्हते. धाकट्याला अख्खी वाडी ओळखायची ती त्याच्या आवाजावरून. किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला तो घरातून हाक मारायचा आणि होडीवाला वळून बघायचा.

भांडण जमिनीचं असेल असं मला वाटलं होतं. काकींनी सांगितलं तेव्हा कळलं, गाऱ्हाण्याचं.

परसात भेंडीच्या, भाजीच्या नव्हे, सावलीच्या भेंडीच्या जुन्या झाडाखाली एक पाषाण आहे, तो त्या जागेचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, त्याला राखण म्हणतात. सगळे भाऊबंद जमतात, घरातला मोठा उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे ड्रायव्हर नसलेली गाडी. काका निवृत्त झाले त्या वर्षीची राखण. नारळ हातात घेऊन त्यांनी चांगली सुरुवात केली. बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरातली लेकरां-बाळां सांभाळ. व्हय म्हाराजा. जो कोण वाट चुकलेलो आसात तेका वाटेक लाव. व्हय म्हाराजा. आणि इथे त्यांची स्वतःची गाडी घसरली. तोंडाला सवयीचं तेच आलं. "देवगडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे, प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी."

आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणाले, व्हय म्हाराजा.

मग कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि जी हसाहशी झाली ती कोंबडा शिजेपर्यंत थांबली नाही. एकटा धाकटा हसला नाही. त्याने पुढे होऊन काकांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि उरलेलं गाऱ्हाणं स्वतः पुरं केलं. हसला असता तर बरं झालं असतं, असं काकी म्हणायच्या. हसणं विसरतो माणूस. हातातून काढलेला नारळ विसरत नाही. त्या वर्षापासून गाऱ्हाणं धाकट्याकडे गेलं, राखणीच्या दिवशी काका दार लावून घरात बसू लागले, परसात चिरे आले आणि खाडीत शब्द होऊ लागले. जुने शब्द झिजले होते म्हणून ते जिभेवरून घसरले, हा त्यांचा निष्कर्ष. स्वतःची चूक शब्दांवर ढकलणारे पुष्कळ असतात, पण त्यासाठी नवी भाषा करणारा मी एकच पाहिला.

हे असंच चालू राहिलं असतं. पण धाकट्याचा आवाज बसला.

आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग दमट हवा म्हणून. शेवटी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं, तर घशात गाठ. कापून काढायची, मग तपासायची, मग काय ते सांगू. तोवर एक अक्षर बोलायचं नाही. ज्याची हाक किनाऱ्यापर्यंत जायची त्याला आता बायकोला पाणी मागायला टाळी वाजवावी लागे. साठी ओलांडलेला माणूस, गाठीचं नाव काढलं की सगळ्यांच्या मनात काय यायचं ते येत होतं. धाकट्याच्याही मनात ते होतंच, पण त्याच्या वर आणखी एक होतं. ज्या तोंडाने गाऱ्हाणं काढून घेतलं तेच तोंड बंद झालं, म्हणजे हे मोठ्या भावाने घातलेलं आहे.

आमच्याकडे एकाने दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून देवाला नारळ ठेवणं यात नवल काही नाही. त्याची रीत ठरलेली आहे. कुठल्या शब्दांत घातलं ते शोधायचं आणि भगताकडून उलटं गाऱ्हाणं घालून ते काढायचं. धाकटा भगताकडे गेला. भगत चांगला जाणता, पण कुठल्या भाषेत घातलंय ते ऐकल्यावर त्याने हात टेकले. न कळणारं काढायचं कसं? ही भाषा आपल्या हद्दीतली नाही, शब्द आणि अर्थ घेऊन ये, मग बघू, असं सांगून त्याने परत पाठवलं. शाप घालणाऱ्यांच्या मुलखात जन्म गेला, पण असा बिनतोड शाप धाकट्याने पाहिला नव्हता.

एके दिवशी तो माझ्या औषधाच्या खिडकीवर रांगेत येऊन उभा राहिला, गळ्याला मफलर. आपली पाळी आल्यावर त्याने मोबाइल काचेपाशी धरला. त्यावर लिहिलं होतं, "तो रोज सकाळी माझ्यावर काय म्हणता?"

मला थोडेफार शब्द ठाऊक होते, पण शपथेवर सांगण्याइतके नव्हते. विचारून सांगते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती. काका विक्षिप्त असले तरी दुष्ट नव्हते, पण ज्या माणसाने एका नारळासाठी एवढी भाषा उभी केली तो तिच्यात काय काय ठेवील, कोणी सांगावं?

घरी आले तेव्हा काका पडवीत नारळ सोलत होते. मी आडवळण घेतलं नाही. "काका, तुमी धाकट्या काकांवर काय घातलास?"

त्यांनी नारळ खाली ठेवला. रागावले असं वाटलं, पण रागावले नव्हते. "घालूक शब्द खंय आसा माझ्याकडे?" म्हणाले. "तुझो शब्द केलंय, काकीचो केलंय, विहिरीचो दोनदा केलंय. मांजराचो आसा. तेचो नाय."

केला नाही असं नव्हतं. कितीदा तरी केला होता. खाडीत उभे राहिले की शब्द यायचा, पण मुरत ठेवला की कुसायचा. काही केल्या तोंडात राहायचा नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. "माझ्या भाशेत तो नायच गो. नाय तेका शाप कसो देतलंय?"

मला एवढा राग आला. सगळ्या मुलखाला नावं ठेवून झाली आणि सख्खा भाऊ तेवढा राहिला. मी म्हटलं, रविवारी राखण, बुधवारी त्यांचं ऑपरेशन. तुमच्या देवाच्या खिडकीवर मांजराची नोंद आहे आणि पाठच्या भावाची नाही, हे तुमचं तुम्ही बघा. काकांनी सोललेला नारळ पुन्हा सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी धाकटा खिडकीवर आला. मी सांगितलं, काळजी करू नका, तुमच्यावर काहीच घातलेलं नाही, त्यांच्या भाषेत तुम्हाला शब्दच नाही. वाटलं होतं, सुटकेचा श्वास टाकेल. तो काचेपाशी तसाच उभा राहिला. मग मोबाइलवर सावकाश लिहून दाखवलं, "मांजराक आसा?"

मी म्हटलं, आहे.

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि औषध न घेता निघून गेला. शाप असता तरी चाललं असतं त्याला, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

रविवारी सकाळपासून परसात भाऊबंद जमले. वड्यांचं पीठ भिजलं, कोंबडा आला, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की गाऱ्हाणं घालणार कोण? धाकट्याला बोलायची बंदी. गावाची गाऱ्हाणी घालणारा गावकार दुसऱ्या तीन राखणींत अडकलेला. चुलत्यांपैकी एकेकजण घसा साफ करून बघत होता, पण परक्या घरच्या राखणदारासमोर चुकलं तर निस्तरणार कोण, म्हणून मागे सरत होता. ऑपरेशन तीन दिवसांवर आणि राखण तोंडाशिवाय अडलेली. धाकट्याची बायको कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती.

तेवढ्यात धाकट्याने नारळ उचलला, चिऱ्यांची ओळ ओलांडली आणि काकांच्या पडवीची कडी वाजवली. काका दार लावूनच बसले होते. त्यांनी दार उघडलं. धाकट्याने नारळ पुढे धरला. बोलता येत असतं तर त्याने काहीतरी बोलून घाण केली असती, नक्की. आवाज बसला होता हेच बरं झालं.

काका भेंडीखाली आले. अंगात निवृत्तीच्या दिवशीचा सदरा. सगळ्यांच्या तोंडावर एकच काळजी, कुठल्या भाषेत घालणार? सुरुवात त्यांनी सरळ आपल्या मालवणीत केली. बा राखणदारा म्हाराजा. व्हय म्हाराजा. लेकरां-बाळां सांभाळ. व्हय म्हाराजा. जो कोण वाट चुकलेलो आसात तेका वाटेक लाव. व्हय म्हाराजा. आणि तिथेच थांबले, त्याच जागेवर. मागे एका चुलत्याचं तोंड हसण्यासाठी तयार होत होतं. मी पाहिलं.

मग काकांनी आपली भाषा सुरू केली. भिंतीआडून ती नेहमी बडबडीसारखी ऐकू यायची, पण त्या दिवशी मोठ्याने, एवढ्या माणसांत, ती निराळीच वाटली. कोणाला अक्षर कळत नव्हतं. पहिल्या वाक्यानंतर काका थांबले आणि परसात कोणी हू का चू केलं नाही. काय मागतोय ते कळल्याशिवाय व्हय कसं म्हणणार? काकी तर आजवर ठाम होत्या, मला समजत नाही त्याला मी होकार देणार नाही. पण गाऱ्हाण्यात माणूस थांबला की तोंड गप्प राहत नाही. आधी मागून एकाचं आलं, मग चार जणांचं, मग काकींचं, मग माझं. व्हय म्हाराजा. पुढचं वाक्य, व्हय म्हाराजा. ज्या लोकांनी एकदा देवगडच्या गाडीला होकार दिला होता त्यांनी यालाही दिला.

शेवटच्या वाक्यात काका मधेच अडले. ओठ हलले, शब्द आला नाही. कुठला शब्द अडला ते तिथे फक्त काकींना, मला आणि धाकट्याला ठाऊक होतं. काकांनी डोळे उघडले, भावाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाबलो."

धाकट्याचं लहानपणचं नाव. जेवायला बोलावताना, झाडाच्या शेंड्यावरून उतरवताना, मारायला धावताना या परसात हजार वेळा ओरडलेलं. त्याहून उष्टा शब्द अख्ख्या घरात नसेल. तो काकांनी आपल्या कोऱ्या शब्दांच्या मधोमध ठेवला आणि वाक्य पुरं केलं.

सगळ्यांच्या आधी धाकटा म्हणाला, "व्हय म्हाराजा." फाटक्या फडक्यासारखा आवाज. डॉक्टरने एक अक्षर नको म्हटलेलं, त्याची बायको धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवती झाली. पण ते म्हणून झालं होतं.

गाठ साधी निघाली. धाकट्याचा आवाज महिन्याभराने परत आला, पण किनाऱ्यापर्यंत जाणारा नाही, चुलीपर्यंत जाणारा, घोगरा. चिऱ्यांची ओळ कोणी काढली नाही. पण धाकट्याकडच्या पर्यटकांना काका "साहेबांनी ओळखपत्र दाखवावे" म्हणून सतावतात, ही तक्रार आता तो स्वतः ओळीवर पाय ठेवून करू लागला. पुढच्या राखणीला गाऱ्हाणं कोणी घालायचं यावरून दोघे आठवडाभर भांडले, म्हणजे सगळं सुरळीत झालं.

काकांनी खाडीवर जाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, एवढ्या कोऱ्या शब्दांत एक उष्टा शब्द आला म्हणून देवाने मान वर केली असेल, आता नवे शब्द करून काय उपयोग? सिद्धान्त त्यांनी मोडू दिला नाही.

त्या दिवशी शेवटी काय म्हटलं, ते मी एकदा विचारलं. आधी आढेवेढे घेतले. मग, ते जिवंत असेपर्यंत मी कोणाला सांगायचं नाही, नाहीतर उष्टं होईल, या बोलीवर सांगितलं. "मागूक काय नाय. खिडकयेर जावन इतक्याच सांगलंय, ह्यो बाबलो. ह्यो प्रवासी न्हय, पोचवूक इलेलो हा. प्रवासी मी."

म्हणजे भावाच्या गाडीत त्यांनी स्वतःची जागा धरली होती. 

पण देव म्हणा, खिडकी म्हणा, तिने काकांकडे काही लक्ष दिलं नाही. त्यांना साधी सर्दीसुद्धा झाली नाही. फणसाचे गरे खात, पर्यटकांना पुढे सरकवत ते ठणठणीत राहिले. अधूनमधून माझ्याकडे बघून कंट्रोलरच्या तोऱ्यात म्हणायचे, गाडी लेट हा. काकींना वाटायचं, जुन्या नोकरीची आठवण येते. पुढे माझी बदली नांदगावजवळ झाली. फोनवर तब्येत विचारली की तेच उत्तर, लेट हा.

परवाच्या वर्षी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. वय झालं होतं. मी पोचले तेव्हा परसात माणसं जमली होती आणि काकी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. धाकटा चिऱ्यांच्या ओळीवर बसून होता. मला बघून उठला, बाजूला घेतलं आणि त्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "गो बाय, त्या राखणीक तो काय बोल्लो? किती येळा इचारलंय, सांगल्यान नाय. तुका म्हायत आसा."

आता सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं. काकांनी जसं सांगितलं होतं तसंच.

धाकट्याने भेंडीकडे बघितलं. मी म्हटलं, धाकटे काका, त्याला आता वर्षं झाली, ते म्हातारपणाने गेले, असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात. नेहमीच्या माझ्या पद्धतीने, थोतांड वगैरे म्हणाले.

"तां खरा," तो म्हणाला. "पण सगळ्यांच्या आधी व्हय म्हाराजा मियां म्हटलंय."

आतून उचलण्यासाठी हाक आली. धाकट्याने मफलर काढून चिऱ्यावर ठेवला आणि पुढचा खांदा द्यायला गेला.